माझ्याआधी पोचलेला माणूस

ऑफिसात अण्णांची आठवण निघाली की मी काहीतरी निमित्त काढून उठतो. फोन आल्यासारखं करतो, नाहीतर बाटलीत पाणी भरायला जातो. परत येईपर्यंत विषय बदललेला असावा अशी अपेक्षा असते. तो बदललेला नसतो. अण्णांनी उंदीर कसे सोडले, अण्णा मालकांना काय म्हणाले, हे सांगणाऱ्यांचं मन भरत नाही आणि ऐकणाऱ्यांचंही. यातले निम्मे तर अण्णा नोकरी सोडून गेल्यावर लागलेले आहेत. त्यांनी अण्णांना पाहिलेलंसुद्धा नाही.

मी मात्र पाहिलंय. बेळगावच्या उद्यमबागेत आमचा कारखाना आहे, यंत्रांचे ओतीव भाग करणारा. तिथल्या सर्व्हर रूममध्ये अण्णा आणि मी कितीतरी वर्षं एका भिंतीला पाठ लावून काम केलं. ते निपाणीचे, जैन, माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे. आठवडाभर बेळगावात खोली करून राहायचे आणि शनिवारी निपाणीची गाडी धरायचे. शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. मी खानापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, कॉम्प्युटरचा इंजिनीअर, वर परीक्षा देऊन मिळवलेली चार सर्टिफिकेटं. कामातलं त्यांच्यापेक्षा मला जास्त कळायचं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचे, "डोकं ह्येचं, तोंड माझं." लोक हसायचे, आणि हसता हसता त्यांच्याकडे बघायचे. माझ्याकडे नाही.

अण्णांनी सर्व्हरना नद्यांची नावं दिली होती. हिशेबाचा सर्व्हर वेदगंगा, डिस्पॅचचा हिरण्यकेशी, ड्रॉइंगचा मलप्रभा. मेलच्या सर्व्हरला दूधगंगा म्हणायचे, कारण तो सारखा उतू जायचा. मी आल्या आल्या सगळ्या यंत्रांना रीतसर नावं आणि नंबर दिले, नकाशा काढला, छापून भिंतीवर लावला. तो नकाशा अजून आहे. पण फोन आला की समोरचा विचारणार, "हिरण्यकेशी चालू हाय न्हवं?" मालकसुद्धा एकदा मीटिंगमध्ये पुण्याच्या पाहुण्यांसमोर म्हणाले की आमच्या मलप्रभेत जागा कमी पडायला लागली आहे.

यंत्रांशी ते बोलायचे. रागवायचं असलं की कन्नडात आणि गोंजारायचं असलं की मराठीत. एखादा सर्व्हर अडला की त्याच्या पुढ्यात उकिडवे बसून आधी, "याकव्वा?" म्हणजे का गं बाई. मग मराठीत, "दमलीस व्हय?" मी शेजारी बसून लॉग, म्हणजे यंत्रानं स्वतःच करून ठेवलेल्या नोंदी, वाचत असायचो. बिघाड कुठं आहे ते मला तोवर कळलेलं असायचं. पण दारात उभी राहिलेली माणसं अण्णांकडेच बघत असायची, आणि यंत्र चालू झालं की ते त्यांच्या गोंजारण्यानंच झालं असं हसत हसत का होईना, पण धरून चालायची.

मुंग्या आणि उंदीर यांच्यावरून आमचं कायम वाजायचं. केबलच्या खोलीत उंदीर झाले तेव्हा मी औषध आणलं. अण्णांनी ते डबीसकट बाहेर नेऊन ठेवलं आणि पिंजरा लावला. सापडलेला उंदीर पिशवीत पिंजऱ्यासकट घालून स्कूटरवरून लांब माळावर सोडून यायचे. मी म्हटलं, "अण्णा, ते परत येतात." ते म्हणाले, "यीनात. वळखीचं तरी आसतील." हे वाक्य संध्याकाळपर्यंत अख्ख्या कारखान्यात पसरलं. मुंग्यांसाठी ते दाराबाहेर साखरेची रेघ ओढायचे. एकदा एका पॉवर सप्लायमध्ये पाल शिरून मेली. सर्व्हर पंधरा-वीस मिनिटं बंद पडला, बाकी काही नुकसान नाही. अण्णांनी त्या दिवशी उपवास केला. डिस्पॅचच्या आक्कांनी ते कळल्यावर स्वतःचा डबा उघडला नाही. सप्लाय बदलला मी, हात काळे झाले माझे, आणि मी एकटा कँटीनमध्ये बसून जेवलो. बरं, जेवलो म्हणून मीच वाईट दिसलो.

कुठलाही सर्व्हर बंद करायचा असला की मी आदल्या दिवशी सगळ्यांना मेल करायचो. अण्णा टेबलाटेबलाशी जायचे. "वेदगंगा बंद करतोय, सेव्ह करून घ्या." मग कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं का, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालं का, असं करत पाऊण तास. मी एकदा चिडून म्हटलं की मेल गेलाय सगळ्यांना. "मेल कोण वाचतंय रं," ते म्हणाले, "लोक तोंड वाचत्यात."

त्यांची एक गोष्ट मात्र मी घेतली, आणि माझ्या हाताखालच्यांना आजही तीच सांगतो, अर्थात नाव न घेता. बॅकअप घेतलं असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "घेतलं म्हणू नको. परत आणून दाखीव." आणि स्वतःची एखादी फाइल मुद्दाम पुसून टाकायचे. ती परत आणली की मगच मान हलवायचे.

हे परत आणणं एकदा खरोखरच वेळेला आलं. सकाळी हिरण्यकेशीच्या दोन हार्ड डिस्क एकदम गेल्या. एक गेली तर सर्व्हर चालत राहतो. दोन गेल्या की सगळं बॅकअपमधून नव्यानं उभं करावं लागतं. त्या दिवशी पुण्याकडे आणि होसूरकडे माल जायचा होता. ट्रक भरून गेटवर उभे, आणि बिलं निघेनात. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. पुण्याच्या कंपनीनं माल वेळेत पोचला नाही तर पुढची ऑर्डर दुसरीकडे देऊ असं आधीच बजावलं होतं. मालक दोनदा येऊन दारातून बघून गेले.

मी आत बसलो. त्या गार खोलीत बोटं आखडत होती आणि मानेवरून घाम वाहत होता. अण्णा आत आले, मला विचारलं, "किती येळ?" मी म्हटलं दुपारचे दोन वाजतील. ते गेले. नंतर कळलं की गेटवर त्यांनी संध्याकाळ होईल असं सांगितलं. ड्रायव्हरना कँटीनमध्ये नेऊन जेवायला बसवलं, एकाला घरून भांडणाचा फोन आला होता ते भांडण मिटवलं, डिस्पॅचच्या आक्का रडकुंडीला आल्या होत्या त्यांच्या टेबलाशी स्टूल टाकून बसले. मी दोनच्या आधी सर्व्हर उभा केला. संध्याकाळची तयारी ठेवलेली माणसं दुपारीच सुटली, त्यामुळे गेटवर सणासारखं वातावरण झालं. मालक आले आणि त्यांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला.

अण्णा म्हणाले, "मालक, म्या काय बी केलं न्हाय. ह्या पोरानं केलं सगळं. म्या निस्ता च्या पाजला."

लोक आणखीच खूश झाले. बघा, कसा माणूस आहे, श्रेयसुद्धा घेत नाही. मालकांनी माझ्याशी हात मिळवला, छान म्हणाले, आणि अण्णांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना केबिनमध्ये चहाला घेऊन गेले. अण्णांनी माझं श्रेय लाटलं असतं तर मी भांडलो असतो, चार लोकांना सांगितलं असतं. त्यांनी ते माझ्या हातात दिलं, सगळ्यांसमोर दिलं. तरी ते माझ्याकडे राहिलं नाही. याला मी काय करणार होतो?

इथवरचा हेवा मी पचवला असता. नोकरीत प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा येतो. पण मग बाबा ऑफिसात आले.

माझे बाबा कणकुंबीच्या रस्त्यावरच्या गावात भातशेती करायचे. माणूस अबोल. माझ्याशी तर त्यांचं बोलणं दोन-तीन प्रश्नांत संपायचं. जेवलास का, गाडी नीट आहे का, परत कधी जाणार. मी काय काम करतो ते त्यांना कधीच कळलं नव्हतं. मी पुष्कळदा समजावलं होतं. ते मान डोलवायचे आणि गावात कुणी विचारलं तर सांगायचे, "कंपूटरवर हाय." डोळे दाखवायला बेळगावला आले तेव्हा मी त्यांना हौसेनं कारखान्यात नेलं. सर्व्हर रूम उघडून दाखवली. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि विचारलं, "येवढं गार कशाला?" मी यंत्रातली उष्णता, तापमान, हवा खेळती ठेवणं असलं काहीतरी सांगायला लागलो. तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेलो.

परत आलो तर अण्णा आणि बाबा दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेले. अण्णा हातवारे करून सांगत होते की हितं तळं हाय समजा, हे पाट, ही टेबलं म्हणजे शेतं. ज्येला जेवढं पायजे तेवढंच पाणी सोडायचं, कुणाचा बांध फुटला तर रातोरात बुजवायचा, आन तळ्यात घाण जाऊ द्यायची न्हाय. "आन हे काम करताना यंत्र तापतंय बघा, बैलागत. म्हणून गार." बाबा हसत होते. मी त्यांना असं तोंड उघडून हसताना लग्नाकार्यातही फारसं पाहिलं नव्हतं.

मोटारसायकलवर मागे बसून स्टँडकडे जाताना ते म्हणाले, "तुझं काम कळलं आज. पाणी सोडणाऱ्याचं हाय."

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हटलं, "मी इतकी वर्षं तेच तर सांगत होतो."

"तू कुठं सांगत हुतास," बाबा म्हणाले.

तेव्हापासून गावी गेलो की पहिला प्रश्न अण्णांचा. बरे आहेत का, निपाणीला पाऊस झाला का, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं. गुडघा दुखतो हे मला माहीतही नव्हतं. सुगी झाली की बाबा निवडून पाखडून तांदळाची पिशवी बांधायचे आणि ती माझ्या गाडीला लावायचे, अण्णांसाठी. आमच्या शेतातला वासाचा तांदूळ माझ्या गाडीवरून मी अण्णांच्या खोलीवर पोचवायचो, आणि अण्णा तिथं उभ्या उभ्या मूठभर तांदूळ हुंगून म्हणायचे, "बाबांचा हात लागलाय बघ ह्येला." आमचे बाबा. त्यांना तेही बाबाच म्हणायला लागले होते.

पुढे मी मालकांना पटवलं की सर्व्हर इथं ठेवण्यात अर्थ नाही, सगळं बेंगळुरूच्या डेटा सेंटरमध्ये हलवू, आपण इथून नुसतं सांभाळू. हा निर्णय बरोबर होता. आजही मी त्याच्यावर ठाम आहे. अण्णांना काढण्यासाठी मी तो घेतला नाही, पण त्यात त्यांचं काम उरणार नाही हे मला दिसत होतं, आणि ते दिसत असताना मला वाईट वाटलं नाही. अण्णांनी विरोध केला नाही. म्हणाले, "बरोबर हाय तुझं. म्या आता निपाणीला जातो." माझी विभागप्रमुख म्हणून नेमणूक झाली.

शेवटच्या दिवशी बंद करायचं होतं ते नुसते रिकामे सर्व्हर. सगळा डेटा आधीच गेला होता, कुणाचं काही त्यांच्यावर उरलं नव्हतं. तरी अण्णा टेबलाटेबलाशी गेले. "वेदगंगा बंद करतोय, सेव्ह करून घ्या." आणि लोकांनी सेव्ह केलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, हिशेबातल्या माणसांनी समोर जे उघडं होतं ते मुकाट्यानं सेव्ह केलं, आक्कांनी पदर डोळ्याला लावला. सहा महिने राबून मी जे काम तडीला नेलं होतं, त्या दिवशी त्याच्याबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नाही.

अण्णा निपाणीला गेले, मला खोली मोठी वाटायला लागली. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी बाबा बांधावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ते उठले नाहीत. मी रविवारी जायचो. उरलेले दिवस बेंगळुरूशी बोलण्यात, नव्या माणसांना शिकवण्यात जायचे. रविवारी त्यांच्या खाटेशी बसलो की ते विचारायचे, जेवलास का, गाडी नीट आहे का. मग डोळे मिटून पडायचे. मला वाटायचं, दुखण्यानं बोलणं गेलंय त्यांचं.

एका रविवारी खाटेखाली एक नवी काठी दिसली, मुठीला रबर लावलेली. आईला विचारलं कुणी आणली. आई भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "अण्णांनी. बुधवारी आलते की."

"कोण अण्णा?"

"तुझं अण्णा. निपाणीचं. दर बुधवारी येत्यात."

निपाणीहून बेळगाव, तिथून कणकुंबीची गाडी, फाट्यावर उतरून गुडघा दुखत असताना चालत गावात. दर बुधवारी. मला कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, तुला ठाऊक असंल असं वाटलं. मी विचारलं, येऊन काय करतात. आई म्हणाली, "काय करणार. बसत्यात दोघं बोलत. ह्येंचं तोंड नुसतं चालू असतंय त्या दिवशी. दुपार कधी गेली कळत न्हाय."

मी आत जाऊन बाबांकडे बघितलं. डोळे मिटून पडले होते. मी म्हटलं, "बाबा, अण्णा आलते म्हणं." त्यांनी डोळे उघडले, चेहरा उजळला, आणि म्हणाले, "व्हय. लई चांगला माणूस." मग मला विचारलं, "जेवलास?"

पुढच्या बुधवारी रजा काढून यावं असं मनात आलं. पण मी त्यांच्यासाठी आलो म्हणून बाबा बोलले असते की अण्णा आले म्हणून, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं नव्हतं. मी गेलो नाही. थंडी सुरू होताना बाबा गेले. बाराव्याला अण्णा गावातल्या म्हाताऱ्यांच्या पंगतीत त्यांच्यातलेच असल्यासारखे बसले होते. माझ्या मावशीनं विचारलं, हे आपल्यातले कोण.

काही महिने गेले. एक दिवस मी कोल्हापूरला कामाला निघालो होतो, निपाणीत उतरलो. ठरवलं नव्हतं, असं म्हणता येईल. अण्णांचं घर बाजारामागच्या गल्लीत आहे. समोरच्या वखारीतल्या तंबाखूचा वास थेट बैठकीत येतो. त्यांनी पाणी दिलं, सुनेला पोहे करायला सांगितलं, कारखान्यातल्या एकेकाची चौकशी केली. मी थोडा वेळ उत्तरं दिली. मग विचारलं.

"अण्णा, बाबा काय बोलायचे तुमच्याशी?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "काय म्हणजे? तुझंच की."

"माझं काय?"

"सगळं. दुसरं कायच न्हाय. म्या एकांद्या टायमाला म्हणायचो, बाबा, जरा भाताचं सांगा, पावसाचं सांगा. तर परत फिरून तुझ्यावरच यायचं." ते थोडे पुढे सरकले. "तुला बेळगावला होस्टेलला सोडलं न्हवं त्येनी, पयल्या वर्षी? तुला वाटलं, लगीच गाडीनं गेलं. गेलं न्हाईत. समोरच्या झाडाखाली बसून ऱ्हायलं. तुझी खोली कंची, खिडकीत कुठं दिसतोस का बघत. शेवटची गाडी चुकली. दुसऱ्या खिडकीत दिवा लागला, तुझी सावली दिसली, तवा उठलं. ह्ये त्येनी मला चार-पाच डाव सांगितलं असंल. तुला सांगू नको म्हणालते. आता कोण इचारणार हाय."

मी त्या खोलीत चार वर्षं राहिलो. खिडकीसमोर आंब्याचं झाड होतं, मला ते नीट आठवतं.

"अजून काय म्हणायचे?" मी विचारलं.

"लई हाय," अण्णा म्हणाले. "एका दिवसात व्हायचं न्हाय. येत जा."

म्हणून मी जातो. महिन्या-दीड महिन्यानं निपाणीत उतरतो, त्या बैठकीत बसतो, आणि अण्णा मला माझ्या बाबांची एखादी गोष्ट सांगतात. प्रत्येक गोष्ट माझ्यावरच्या मायेची असते आणि प्रत्येक गोष्ट त्यांनी बाबांच्या तोंडून ऐकलेली असते. बाबांचा आवाज कुठं बसला, कुठं हसले, कुठं भिंतीकडे तोंड केलं, ते सगळं त्यांना ठाऊक आहे. माझ्याकडे त्यातला फक्त मजकूर येतो. सांगता सांगता त्यांचे डोळे भरून येतात, आणि समोर बसून मी विचार करत असतो की यांना कशाला रडू यावं, बाबा माझे होते.